कोरी टेप

“नवं घर जुन्याच्या शेजारी बांधावं. त्यात दिवा लावून पाहावा, मगच जुनं पाडावं,” असं दात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मालनअक्का नेहमी म्हणायच्या. बंगळूरला मल्लेश्वरमच्या ज्या रक्तपेढीत आम्ही दोघं कामाला होतो, तिथं त्यांचं कोणी ऐकलं नाही, याची चीड मला अजून आहे.

साल सत्त्याण्णव. रक्तदात्यांची नावं संगणकात होती. त्यातले दुर्मीळ गटाचे दाते अक्कांनी पार येलहंक्यापर्यंत बसनं जाऊन, माणसामाणसाला गोडीनं बोलून जोडलेले. अशात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. अक्का म्हणाल्या, “ती दुसऱ्या संगणकावर घालू. नावं तिकडे नेऊ. नीट चाललं की जुनं बंद करू.”

संगणकाचं काम बघायला पुण्याहून नुकताच आलेला त्रिविक्रम हसला. “अक्का, एका लग्नाला दोन मांडव कशाला? जुन्यावरच नवी चढवू. चहाच्या आत होईल. फार तर आधी टेपवर नावांची प्रत घ्या.”

“आय्तु,” म्हणून अक्का कोरी टेप आणायला कोठीत गेल्या.

बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत हा कन्नड शब्द मुरलेला. आय्तु म्हणजे ‘झालं’, आणि आय्तु म्हणजे ‘बरं, करते’सुद्धा. त्रिविक्रमला रिक्षावाल्यांकडून पहिलाच अर्थ कळलेला. त्यानं टेप पाहिली नाही, पुन्हा विचारलं नाही; अक्का कोठीतून यायच्या आतच नवी आवृत्ती चढवायला घेतली. जुनं घर मोडायला निघालेला माणूस आत कोणी झोपलंय का, एवढंही बघत नाही? नवी आवृत्ती जुन्या फायली बदलता बदलता मध्येच अडकली. मग त्या जुनीलाही वाचता येईनात, नवीलाही.

पेढीचे व्यवस्थापक बिंदुमाधव यांनी सगळ्यांना बोलावलं. नावं गेल्याचं दुःख नव्हतंच. चूक कोणाच्या गळ्यात बांधायची, एवढीच घाई.

“अक्का, ‘झालं’ म्हणालात, एवढं कबूल करा. नोकरी राहील.”

“मी आय्तु म्हणाले.”

“तेच ते!” त्रिविक्रम म्हणाला.

“तेच? तू जेवायला बोलावलंस नि मी आय्तु म्हणाले, तर माझं जेवण झालं का रे?”

दाराशी उभा नागनाथ शिपाई फिसकन हसला. व्यवस्थापक हसले नाहीत. “कबूल करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

अक्कांनी कोरी टेप त्रिविक्रमच्या हातावर ठेवली. “यात जेवढं आहे, तेवढी माझी चूक.”

पिशवी खांद्याला अडकवून त्या फाटकाबाहेर पडल्या. आत फोन वाजू लागला. कोणाला तरी ओ निगेटिव्ह हवं होतं. त्रिविक्रम टेप धरून खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिला. आणि नागनाथ, अक्का वळणाआड जाईपर्यंत, फाटक उघडंच धरून उभा होता.