कडी लावून थांबायचं नाही

परळला जुन्या गिरणीच्या आवारात लिफ्ट चालवणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवतात, तिथे मी ट्रायलवर होते. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटला, पोटात बाळ होतं म्हणून. सरांनी आधीच सांगितलेलं, तुझं काम चाललं तर ठेवतो, नाहीतर नाही. लालबागला घरी सासूबाई पोराला सांभाळायच्या आणि रोज विचारायच्या, ठेवतले काय गो तुका? मी काय सांगणार.

काम असं, की बोर्डाच्या आतला कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा मूळ प्रोग्राम, जे काही सांगतो, चालू झालो, अमुक बिघडलं, ते बोर्डावरच्याच छोट्या स्क्रीनवर दिसायला हवं. मेकॅनिकला लॅपटॉप न्यायला नको. ह्याला कन्सोल म्हणतात. मी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलची ओळ स्क्रीनपर्यंत नेणारा प्रोग्राम, लिहिला, अक्षरं आली, मी हरखले. मग सरांनी अलार्मचं बटण दाबलं आणि बोर्ड जागच्या जागी गोठला. बंद करून चालू केला, परत दाबलं, परत तेच. सर ओरडले नाहीत, शुक्रवारी लिफ्टवाले येतायत एवढंच म्हणाले.

बाजूच्या टेबलावर वडाळ्याची ताई बसायची, माझ्याहून जुनी. तिने कर्नलमधली एक तपासणी चालू करायला लावली. बोर्ड हळू चालतो म्हणून मी ती बंद ठेवलेली. लॅपटॉपला वायर लावली, बटण दाबलं, तर लॅपटॉपवर ओळ आली, झोपायचं नाही तिथे तुझा ड्रायव्हर झोपतोय. झोपणं म्हणजे उत्तर येईपर्यंत प्रोसेसर दुसऱ्याला देऊन थांबणं. शिकवतात तर तसंच, मग माझं चुकलं काय, मी विचारलं.

“अगं, चाळीतल्या संडासात आतून कडी लावून बसलीस,” ताई म्हणाली, “आणि पाण्याची बादली आणणारा बाहेर रांगेत. कडी न काढता तो आत येणार कसा?”

हसू पण आलं आणि कळलं पण. बटण दाबलं की कर्नल कुलूप लावतो, बाकी सगळं थांबवतो आणि ओळ छापायला सांगतो. तेव्हाच माझा ड्रायव्हर स्क्रीनच्या उत्तराची वाट बघत बसायचा, आणि ते उत्तर यायची वाटच बंद.

मग मी असं केलं, की कुलूप असताना ओळ फक्त मेमरीत ठेवायची आणि निघायचं. स्क्रीनपर्यंत न्यायचं काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे बाजूला आपलं आपलं चालणाऱ्या कामाला, दिलं, तो थांबला तरी कुणाचं अडत नाही. बटण दाबलं. गोठला नाही. मी दाबतच राहिले, शेवटी ताईने हात धरला, पुरे म्हणाली.

शुक्रवारी लिफ्टवाल्यांचा मेकॅनिक आला. बटणं दाबून बघितली, मान हलवली, आणि विचारलं, कर्नलच कोसळला तर काय दिसेल? सर माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी असं वाटलं, पण जमेना.

“काही नाही दिसणार,” मी म्हटलं. “तो थ्रेड तेव्हा चालणारच नाही.”

“मला तर तीच ओळ हवी.”

मी एका दमात बोलत सुटले, की कोसळल्यावर झोपायचंच नाही, स्क्रीनलाच परत परत विचारायचं, तयार आहेस का, तयार आहेस का, आणि ठरावीक वेळा विचारून सोडून द्यायचं. ओळ अर्धी येईल कदाचित. पण येईल.

अर्धी चालेल, तो म्हणाला.

सर म्हणाले, सोमवारपासून हेच घे. मी विचारलं, ट्रायलवरच का? आता कसली ट्रायल, म्हणाले, आणि मेकॅनिकसाठी चहा सांगायला बाहेर गेले.