शालूबाईचं सातवं बी

वडिवळ्याच्या शालूबाईला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं मला येऊन सांगावं. मी तिची शेजारीण, वीस वर्षं बघते आहे. चुलीवरचा भात ती तीनदा उघडून बघणार आणि तो कच्चा राहिला की सुनेवर, म्हणजे बायावर, डाफरणार.

बासष्ट सालच्या माघात तिची थोरली बहीण चिमाबाई आंबी गावात आजारी पडली. शालूबाई गेली, एक रात्र कशीबशी काढली. "आजचा दिस थांब गं," चिमाबाई म्हणाली. पण हिच्या जिवाला चैन कुठली! म्हशीचं निमित्त करून निघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण गेल्याचा सांगावा आला. तेव्हापासून ती म्हशीला उगाच बडवायची.

तेराव्याला गेली तेव्हा बहिणीच्या भिंतीला दुधीच्या बिया शेणात थापून ठेवलेल्या दिसल्या. तेवढी गोवरी तिनं मागून आणली. फोडली तर आत सात बिया निघाल्या.

पावसाआधी रोपं तयार हवीत, म्हणून वैशाखात तिनं पळसपानांचे सहा द्रोण लावले, खतमाती भरली, एकेकात एकेक बी पुरलं. सातवं मागं ठेवलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून बोट खुपसून बघणं सुरू. सकाळी उकरायचं, दुपारी उकरायचं, पुन्हा पुरायचं.

"आत्याबाई, नका ओ उकरू," बाया म्हणायची.

"मंग उगावतंय का न्हाई, बघाया नगं?"

कोवळे मोड हिच्याच नखानं मोडले. आठवड्यात सहाही बिया कुजल्या. मला तिचा भयंकर राग आला होता, पण तिचं तोंड बघून तो ओसरला.

त्या दुपारी उरलेलं बी घेऊन ती बायापुढं बसली. "ह्ये ओल्या फडक्यात घालून माज्या कमरंला बांध. चिमाक्का उबंला असंच बांधायची. आन वरनं टाकं घाल, माज्या हातानं सुटाया नगं."

बायानं पुरचुंडी शिवून दोरीनं कमरेला बांधली. शालूबाई दिवसभर पुरचुंडीवर हात ठेवून घरदार हिंडायची, सारखी पाणी शिंपडायची. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर विळ्याचं पातं टाक्यांना लावून ती बसलेली. मी ओरडणार, एवढ्यात तिनंच विळा माझ्या अंगणात भिरकावला.

"ठिव तुज्याकडं. उद्याच्याला दे."

चौथ्या दिवशी बायानं टाके उसवले. बियातून पांढरा मोड बाहेर आला होता. शालूबाईनं हात मागं घेतले.

"तूच लाव. मी बोट बी लावणार न्हाई."

बायानं ते नव्या द्रोणात हलकेच पुरलं. गोठ्यात म्हैस केव्हाची रेकत होती.

"आत्याबाई, म्हस सोडायची न्हवं?"

"थांबंल ती," शालूबाई म्हणाली आणि द्रोणाशेजारी मांडी घालून बसून राहिली.