दुसऱ्याच्या गाडीवर बसणारे बाबा

नगरला कोर्टाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समोरच्या फूटपाथवरून एक म्हातारे बाबा रोज सकाळी काठी टेकत जातात. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. फूटपाथवर मोटारसायकल आडवी लावलेली दिसली, तरी ते खाली ट्रक-रिक्षांच्या गर्दीत उतरत नाहीत. उपरण्यानं गाडीची सीट पुसतात आणि मालक येईपर्यंत तिच्यावर निवांत बसून राहतात.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, उन्हात कशाला? आत खुर्चीवर बसा."

"खुर्चीत बसलो तर गाडीवाल्याला कळायचं कसं?"

तेवढ्यात गाडीवाला तरुण आला. आधी तो चिडला, मग पांढरे केस पाहून नरमला. "कुठं सोडू, बाबा?"

"कुठं न्हाई. नुस्तं जाऊ दे."

त्यानं गाडी बाजूला काढली. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि लग्नातल्या व्याह्यासारखे ऐटीत पुढं निघाले.

शेजारच्या मेडिकलसमोर दुसरी गाडी उभी होती. बाबांनी उपरणं झटकलं, सीट पुसली आणि बसले.