मापाचा ब्लाउज आणि पोरीची तोंडी परीक्षा

चौथीनंतर माझी शाळा सुटली. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. त्या दिवशी मी बोलले ते बरोबर होतं, एवढं कुठेतरी राहावं.

लागोपाठ दोन हंगाम वाया गेले होते. अकोटात माझ्याकडे शिवायला नवे ब्लाउज येईनात. जुनेच उसवून सैल करायला येत. माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ, माझ्या पोरीबद्दल म्हणत, "कम्प्युटर शिकून कोनाचं भलं झालं? नापास झाली का पोरगी पाहाले पाहुने बलावतो." मी मान खाली घालून काजं करत राही.

पोरगी अमरावतीला शेवटच्या वर्षाला होती. बाजारात येणाऱ्या मालाच्या नोंदींचा प्रोग्राम तिनं केला होता. सरांना तो कुठून तरी उतरवलेला वाटला. तोंडी परीक्षेत साध्या मराठीत समजावता आला नाही तर नापास, असं त्यांनी बजावलं. सुट्टीत ती माझ्यासमोर बसली.

"आई, प्रोग्रामचा कोनताच भाग आपल्याले लागते ते सोता बनवत नाही. नुसतं सांगते, मले तुरीची वही पायजे. देनारा येगळा. त्याले कंटेनर म्हनते."

"मंग त्यानं कापसाची, तुरीची, साऱ्या वह्या करून ठेवायच्या?"

"नाही. एकच कोरी वही, मालाच्या नावाची जागा रिकामी. त्याले जेनेरिक म्हनते. तुरीची मागितली का तो तिथं तूर भरते."

मला हसू आलं. लहानपणापासून ती माझ्या मशीनजवळ हेच करत आली होती. मी मशीनवरून उठत नाही. अमकीचं माप दे, एवढंच म्हणते. ती आधी भिंतीवरच्या खिळ्यावर पाही. त्या बाईनं मापाचा ब्लाउज ठेवला असेल तर तोच देई. नसेल तर सगळ्यांसाठीचा कागदी खाका काढून त्यावर तिचं माप टाकी.

"अन् खिळ्यावर असून कागदावरून कापलं तं?" मी विचारलं.

"बाही दंडात अडकते. अडकली होती ना त्या मास्तरीनबाईची." ती भराभर लिहू लागली. "तसंच हाय. एखाद्या मालाची येगळी वही ठेवली असंन तं आंधी ते पाहाची, मंग सामाईक कोरी."

परीक्षेला तिनं मला सोबत नेलं. मी उघड्या दाराबाहेर बाकावर बसले. तिनं खिळा, खाका, सगळं सांगितलं. सर हसले. "हा शिवणक्लास आहे का? कोणी शिकवलं?"

"आईनं. बाहेर बसली हाय."

मला आत बोलावलं. तीन पुरुष बसले होते. सरांनी विचारलं, "बाई, खिळ्यावर काही नाही, खाकाही नाही. मग काय कराल?"

पोरगी बोलू लागली, तिला त्यांनी हातानं थांबवलं.

"काईच नाही," मी म्हटलं. "मशीन चालवाचीच नाही. दुसरीच्या कापडाले अंदाजानं कैची लावाची नसते."

"सर, प्रोग्रामही तिथंच थांबते," पोरगी म्हणाली. तिनं त्यांच्यासमोर प्रोग्राममधून कोऱ्या वहीची नोंद काढून टाकली आणि तुरीची वही मागितली. प्रोग्राम थांबला. नोंद परत घातली, चालला.

"भाषा सुधारा जरा," सर म्हणाले.

"भाषा आमची अशीच हाय, सर," मी म्हटलं. "कामात चूक असंन तं दाखवा."

त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली आणि पास म्हणून सही केली. शाबासकी दिली नाही. आम्हीही थांबलो नाही.

घरी येऊन मी भासऱ्यांसमोर उभी राहिले. "भाऊजी, पोरगी पास झाली. पाहुने बलावू नका. मी नाही म्हनतो."