आनंदरावांचा बैल

हे मी घरीसुद्धा बोललेले नाही. नवऱ्याला माझ्या बारीकसारीक चुका तोंडपाठ आहेत, पण ही त्याच्याही नजरेतून सुटली. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

कराडजवळ मलकापूरला एका व्यसनमुक्ती केंद्रात मी चित्रकला आणि मातीकाम शिकवते. चांगलं शिकवते. उगाच नम्रपणा कशाला? दारूने थरथरणारे हात मातीत गेले की माणूस हळूहळू शांत होतो, बोलायला लागतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. त्या कामावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. माझ्यावर — तेवढा नाही.

आनंदराव पाटणकडचे. फौजेतून निवृत्त झाले आणि गावी येऊन दारूच्या आहारी गेले. पण त्यांना खरं खात होतं ते वेगळंच. प्यायल्यावर आपण काय केलं, ते त्यांना आठवायचं नाही. बायकोवर हात उचलला, हेसुद्धा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळलेलं. "आवं बाई, माझं मलाच ठावं नसतं," म्हणायचे. म्हणून तर मातीकाम त्यांना फार आवडलं. आज केलेलं उद्या फळीवर तसंच असायचं. सगळ्यांना दाखवायचे, "ह्ये शिंग म्या काल केलंय. ध्यानात हाय माझ्या." मला तेव्हा इतकं बरं वाटायचं!

मग बेंदूर आला. घरोघरी मातीचे बैल पुजतात, तर केंद्रातल्या माणसांनी केलेले बैल मांडू, पाहुणे बोलावू — ही कल्पना माझीच. आनंदरावांचा बैल एका अंगाला कललेला, एक शिंग वर, एक खाली. पण उभा होता, आणि त्यांचा होता. ते जेवायला गेले आणि मी — काय सुचलं मला? पाहुण्यांनी माझ्या शिकवण्याला नावं ठेवू नयेत, एवढंच होतं मनात. माती ओली होती. पाय सरळ केले, वशिंड नीट केलं, शिंगं नव्याने बसवली. हात धुऊन मोकळी झाले.

पाहुण्यांनी नेमकं त्याच बैलाचं कौतुक केलं. आनंदराव वाकून वाकून बघत राहिले. म्हणाले, "बाई, ह्यो माझा न्हाई."

तेव्हा खरं सांगता आलं असतं. त्यात काय मोठं होतं? पण समोर माणसं होती. मी हसून म्हणाले, "तुमचाच आहे. तुम्हाला आठवत नसेल."

बैलाला हात लावला, ते एक वेळ सोडा. पण हे वाक्य — त्यांचं कुठं दुखतं ते मला पक्कं माहीत होतं, आणि मी तेच वापरलं. स्वतःची लाज राखायला. आनंदरावांनी बैलाकडे परत एकदा पाहिलं. "आसंल," म्हणाले. त्यानंतर मातीला त्यांनी हात लावला नाही.

दारू मात्र सोडली, ती आजतागायत. अलीकडे धाकट्या भावाला दाखल करायला आले होते. भाऊ कधीपासून पितो, घरात काय काय झालं, असं नोंद करणाऱ्याने माझ्यासमोर विचारलं तर भावजयीला पुढं केलं. "हिला इचारा. माझ्या ध्यानाचं काय खरं न्हाई. बाईस्नी ठावं हाय की." आणि माझ्याकडे बघून आदराने हसले.

मी मान हलवली. हो म्हणून.

तो बैल मी बदलला होता, आनंदराव. तुम्हाला बरोबर आठवत होतं.