ऐन बहरातली हेलेबोर उपटणारे ठोसरसाहेब

ठोसरसाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझी तुळस मुळासकट उपटली. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, दोन गॅरेजांच्या मधे, आमच्या लँडस्केपिंग कंपनीचं ऑफिस होतं आणि मागे हिरव्या जाळीखाली नर्सरी. मी डिझाइनच्या कामावर नुकतीच रुजू झाले होते. टेबलावर तुळस ठेवून तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते, तरी ती पिवळी पडत चालली होती. एक गृहस्थ आले, त्यांनी कुंडी उलटी केली, मुळं नाकाशी धरली आणि म्हणाले, "कुजली आहेत. वाळवंटात राहतो म्हणून आपण हिला बुडवून मारतोय." तुळस उपटणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. आमचे नर्सरीप्रमुख श्री. यशवंत ठोसर ते हेच, हे मला नंतर कळलं. यंदा साहेबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, पण त्यांनी दिलेल्या धक्क्यांतून मी अजून सावरलेली नाही.

२००८ ची मंदी आली आणि आमची हॉटेलांची कामं एकामागून एक थांबली. सकाळी साइटवर गेलेली माणसं दुपारी परत येऊन "खलास" एवढंच सांगायची. शेवटी हाती एकच काम उरलं. अबुधाबीतल्या एका मराठी कंत्राटदारांच्या व्हिलामधलं काचघर. त्यांच्या पत्नी शालिनीवहिनींनी इंग्लंडात लेकीकडे हेलेबोर पाहिली होती. हे थंड देशातलं झाड, ऐन हिवाळ्यात मान खाली घालून फुलणारं. वहिनींनी हौसेने रोपं मागवली, एसी लावला, पण फूल धरायचं सोडून रोपं मरायला लागली. "यांना फुलं आणून दाखवा, माझ्या सगळ्या स्टाफ कॉलन्यांच्या बागा तुमच्या," असं यजमानांनी सांगितलं. आमच्या लोकांच्या नोकऱ्या, आणि नोकरीबरोबर व्हिसे, त्या मरतुकड्या रोपांवर येऊन ठेपले.

साहेबांनी पहिल्याच दिवशी ठिबकचं पाणी तोडलं. आमचे फोरमन हबकलेच. "बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नाही," एवढाच साहेबांचा हुकूम. मातीत जाडी खडी आणि पानांचं कुजलेलं खत मिसळून तिचा निचरा सुधारला. मग त्यांनी बुंध्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आमच्याच माणसांनी, वांग्याला लावावी तशी, प्रत्येक रोपाला मातीची भर लावली होती. "आपली खोड जात नाही! हिच्या कळ्या या जमिनीलगतच्या मानेतून येतात. मान गाडली की फूल विसरा." त्यांनी एकेक रोप स्वतः वर उचलून बसवलं. काचेला पडदे लावून सावली केली, रात्री गारवा वाढवला आणि सगळ्यांना ताकीद दिली की आता रोपं हलवायची नाहीत.

डिसेंबरात कळ्यांनी डोकं वर काढलं. आम्ही आनंदात, आणि साहेब कात्री घेऊन सगळी जुनी पानं बुडापासून कापत सुटलेले! "अहो, हे काय करताय?" मी अक्षरशः ओरडले. "या पानांवरचे काळे डाग कळ्यांवर चढतात," ते शांतपणे म्हणाले आणि पानं पिशवीत भरून लांब टाकून आले. मावा दिसला तिथे साबणाचं पाणी फवारलं. हातमोज्यांशिवाय ते त्या झाडाला हात लावत नसत आणि आम्हालाही लावू देत नसत. "सगळं झाड विषारी आहे," हे त्यांनी आम्हाला बजावलं होतं, यजमानांनाही सांगितलं होतं. जानेवारीत काचघर जांभळ्या-हिरव्या फुलांनी भरून गेलं.

वहिनींनी त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं. मलाही बोलावणं होतं. दिवाणखाना बायकांनी गच्च भरलेला, आणि पीयूषच्या ग्लासांचे ट्रे बाहेर आले. प्रत्येक ग्लासात एक फूल तरंगत होतं. वहिनींनी हौसेने सांगितलं आणि त्यांचे स्वयंपाकी बशीर यांनी ती खुडून घातली होती. इतक्यात काचघरात तपासणीला गेलेले साहेब चिखलाच्या बुटांनी थेट आत शिरले. हळदीकुंकवात पुरुष! "कुणी पिऊ नका! ग्लास खाली ठेवा!" असं म्हणत त्यांनी वहिनींच्या हातातला ट्रे हिसकावला. पीयूष त्यांच्या पैठणीवर सांडलं. तेवढ्यात वहिनींची नात म्हणाली, "आजी, माय माउथ इज बर्निंग."

साहेबांनी तिला उचललं, चूळ भरायला लावली, आणि एक फूल पिशवीत घालून तिच्याबरोबर गाडीने हॉस्पिटलात पाठवलं, म्हणजे डॉक्टरांना कळावं काय पोटात गेलंय. संध्याकाळी मुलगी हसत घरी आली.

मग यजमानांनी साहेबांना आणि मला पोर्चमध्ये बोलावलं. "ठोसर, झालं ते झालं. ब्लेम बशीरचा. त्याला उद्याच्या फ्लाइटने पाठवतो. तुम्ही फक्त म्हणा की त्याला वॉर्न केलं होतं. काँट्रॅक्ट तुमचंच. यल्ला, विषय संपवू."

साहेब हो म्हणणार याची मला खात्री होती.

"मी त्यांना सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले. "तुम्हाला सांगितलं, माझ्या माणसांना सांगितलं. ज्यांच्या घरात आणि हातात फुलं जाणार, त्या वहिनींना आणि बशीरला सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

"काँट्रॅक्टचा विचार केलात?"

"केला."

आणि मग त्यांनी काचघरात जाऊन, ऐन फुलावर आलेलं एकेक रोप स्वतःच्या हाताने उपटलं. मी दारात उभी राहून बघत होते. मला रडू येत होतं की संताप, तेच कळत नव्हतं.

परतताना गाडीत मी फुटलेच. "साहेब, आपली माणसं घरी जातील! आणि तुम्ही साठीला आलात, तुम्हाला नवा व्हिसा कोण देणार?"

"कुणी नाही," ते म्हणाले. "पण जे मी केलं नाही ते केलं म्हणून कसं सांगू?"

काँट्रॅक्ट गेलं, बशीर यांची नोकरी मात्र राहिली. कंपनी बंद पडायच्या बेताला आली तेव्हा साहेबांनी शारजापासून अबुधाबीपर्यंत ओळखीची एकही नर्सरी सोडली नाही. प्रत्येक माणसाला स्वतः गाडीतून मुलाखतीला नेलं आणि काम होईपर्यंत रिसेप्शनमध्ये बसून राहिले. एकूण एक माणूस कामाला लागला, मीसुद्धा. साहेब तेवढे पुण्याला परत गेले. आज ते लोकांच्या गच्च्यांवरच्या बागा बघतात आणि अजूनही भरपूर ओरडतात, असं ऐकते.

बशीर यांचं आता शारजाच्या रोल्ला भागात छोटंसं हॉटेल आहे. त्या पोर्चमध्ये काय बोलणं झालं ते त्यांना सांगायचं नाही, असं साहेबांनी मला तेव्हाच बजावलं होतं, आणि इतकी वर्षं मी ते पाळलं. पण साहेबांच्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहायला घेतला आणि राहवलं नाही. परवा जाऊन सांगून टाकलं. साहेब चिडतील, चिडू देत.

बशीर यांच्या हातातली पळी कढईतच थांबली. "मैं समझा था, किसी को ध्यान ही नहीं रहा कि फूल किसने डाले," ते म्हणाले. मग गॅस बंद करून बाहेर आले. "मॅडम, किताब में लंबी उमर की दुआ मत लिखना. वो तो सब लिखेंगे. लिखना, बशीर बोला है, मेरी उमर में से ले लें."

तसंच लिहिलं आहे, साहेब. तब्येत सांभाळा, आणि या वेळी नाही म्हणू नका.