उंदीर सोडून देणारे हवालदार

आमच्या चिंचवडच्या चाळीत सापळ्यात उंदीर सापडला की तो शेजारच्या हवालदारांकडे द्यायची पद्धत होती. महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन बिल्ला मिळवून आलेला माणूस; उंदराचा निकाल त्यानेच लावावा, असं चाळीचं मत. हवालदार गंभीर चेहऱ्याने सापळा उचलत, पवनेच्या काठी नेत आणि उंदराला सोडून देत. माझ्या सासूबाईंना संशय आला. त्यांनी एका उंदरावर सापळ्यातच कपड्यांची नीळ ओतली. चौथ्या दिवशी निळा उंदीर आमच्या पिठाच्या डब्यामागे हजर! जाब विचारला, तर हवालदार म्हणाले, "त्येला तुमच्या हातचं पीठ गोड लागतंय, आक्का. त्यात माजा काय गुन्हा?"

हवालदार मूळचे मावळातले, तेव्हा पिंपरीच्या एका नव्या कारखान्याच्या फाटकावर होते. खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा झाली आणि लढवय्या म्हणून कोहळा कापायचा मान त्यांना मिळाला. त्यांनी तलवार घेतली, कपाळाला लावली, खाली ठेवली आणि कोहळा काखोटीला मारून सरळ घरी आणला. फोरमन चिडला. "यंत्राला रगत लागतंय असं कुठं लिवलंय?" एवढंच हवालदारांनी त्याला ऐकवलं. कोहळ्याच्या वड्या सगळ्या चाळीने खाल्ल्या, मी जरा जास्तच.

लढाईत किती मारले, हे त्यांना जो तो विचारी. वाण्याला त्यांनी सत्तर सांगितले, पोस्टमनला सात, न्हाव्याला सांगितलं, मोजायला सवडच नव्हती. मी नवी नवरी, सत्तरवर विश्वास ठेवून महिनाभर त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही.

मग धाकट्या दिरांनी, वसंतभावजींनी, पलटणीत जायचं काढलं. सासूबाई माळकरी. मुलगा मरेल ही धास्ती होतीच, पण त्याच्या हातून कुणी मरेल, ही त्याहून मोठी. कीर्तनकारबुवांनी सांगितलं, रणात मारण्याला पाप नाही. पण बुवांनी उभ्या जन्मात कोंबडीही मारलेली नव्हती, त्यामुळे सासूबाईंचं समाधान होईना. एका रविवारी भावजींना हाताला धरून त्या हवालदारांकडे गेल्या. मागोमाग मीही. त्यांनी सरळ विचारलं, खरं सांगा, पाप लागतं का?

हवालदारांनी त्या दिवशी थट्टा केली नाही. इटलीत त्यांना एका विहिरीवर नेमलं होतं. शत्रूला पाणी भरू द्यायचं नाही, असा हुकूम. एक कोवळा शिपाई आला, बंदूक पाठीला अडकवलेली. हवालदारांनी गोळी झाडली.

"सोडला असता तर त्येनं आमची जागा दावली असती, आमची धा मानसं गेली असती. हे बी खरं हाय. आन् त्येच्या दोन्ही हातात बादल्या व्हत्या, हे बी खरं हाय."

भावजींनी विचारलं, "मग ते पाप की नाही?"

"सायेब म्हनला, न्हाई. बिल्ला दिला. पर पाप नसतं, तर लोकांना सत्तर सांगून त्यो एक कशाला लपवला असता मी?"

सासूबाईंना वाटलं, झालं, आता पोरगा जात नाही. भावजी पुढच्याच महिन्यात पलटणीत भरती झाले. हवालदारांनी त्यांना अडवलं नाही, याचा मला फार राग आला. इतका आवडता माणूस, पण आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

काही वर्षांनी सीमेवर लढाई झाली. ती संपल्यावर भावजी रजेवर आले. ट्रंक दारातच ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही, तडक हवालदारांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. भिंतीला कान लावायची सासूबाईंना जुनी खोड. पलीकडचं कुजबुजणंही त्यांच्या कानाला पुरे. पाट घेऊन त्या भिंतीपाशी जाऊन बसल्या. पलीकडे भावजी बोलायला लागले. क्षणभराने त्या उठल्या, पाट उचलला आणि बाहेर अंगणात जाऊन बसल्या.